पावडरचा डबा: महिन्याचा हिशेब, कागदावरचं नाव आणि कायदा (सातारा-सांगली)

हळदपेठ
"अंगावरचं दूध पुरत नाही" एवढ्या एका वाक्यावर घरात बाळाच्या दूधपावडरचा डबा येतो आणि मग कित्येक महिने किराणाच्या बरोबरीनं त्याचं बिल चालू राहतं. सांगली-मिरजेत दवाखाने पुष्कळ आणि मेडिकल त्याहून पुष्कळ. तरी डबा महिन्याला नेमका किती लागतो, महागात जास्त काय असतं, दवाखान्यातून नाव लिहून देतात ते कितपत बरोबर, हे एका जागी मराठीत सापडत नाही. म्हणून हा धागा.

दोन विनंत्या. अनुभवकथन नको, त्याचे धागे आधीच चार आहेत. आणि कंपन्यांची नावं शक्यतो टाळा, नाहीतर धागाच जाहिरात होऊन बसायचा. ज्यांना डबा द्यावाच लागतो त्यांना शहाणपण शिकवायलाही हा धागा नाही.

मिरजमळा
हिशेबापासून सुरू करतो, बाकीचं त्यावरच उभं आहे.

निव्वळ वरच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिली तयार दूध लागतं. बहुतेक पावडरींचा मापाचा चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपासचा असतो आणि तो ३० मिली पाण्यात पडतो. म्हणजे १०० मिली तयार दुधामागे साडेतेरा ग्रॅमच्या जवळपास पावडर.

३ किलोचं बाळ: ४५० मिली, ६१ ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा साडेसहा दिवस.
४ किलो: ६०० मिली, ८१ ग्रॅम. डबा पाच दिवसांना जरा कमी.
५ किलो: ७५० मिली, १०१ ग्रॅम. डबा चार दिवस.
६ किलो: ९०० मिली, १२१ ग्रॅम. डबा सव्वातीन दिवस.

पुढे किलोमागचं प्रमाण उतरतं, दिवसाचं दूध ९००-१००० मिलीच्या आसपास थांबतं. पहिल्या सहा महिन्यांची बेरीज १८ ते २० किलो पावडर, म्हणजे पंचेचाळीस ते पन्नास डबे. स्वस्त गटातला डबा साडेचारशेला आणि महाग गटातला सव्वाआठशेला धरला (तुमच्या हातातल्या डब्यावरचा आकडा घाला), तर ५ किलोच्या बाळाला महिन्याला स्वस्तात ३४०० च्या पुढं आणि महागात ६२०० च्या पुढं जातात. बाटल्या, बुचं, ब्रश, गॅस वेगळा.

दुकानात "मोठा पॅक स्वस्त" म्हणतात ते दर वेळी खरं नसतं. आता पाकिटावर ग्रॅममागची किंमतही छापलेली असते, ती बघा. पत्र्याचा डबा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली रिफिल पिशवी यांत आतला माल तोच असेल तर रिफिल घ्या. पत्र्याचे पैसे बाळाच्या पोटात जात नाहीत.

माणदेशी
हेच आकडे मजुरीला लावून बघा. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. ५ किलोच्या बाळाची स्वस्त पावडर दिवसाला ११३ रुपये, महाग २०६. एक जण हजेरीवर आणि एक जण घरी बाळाजवळ असेल, तर महाग डब्यात दोन तृतीयांश हजेरी गेली. म्हणून डबा "पुरवला" जातो. तीस मिलीचा चमचा साठ मिलीत. जत-आटपाडीकडं काय आणि ऊसतोडीच्या टोळ्यांत काय, हे सांगून कोणी करत नाही, पण होतं.

अजिंक्यतारा
माणदेशींनी सांगितलं त्याचा परिणाम आकड्यांत. नीट केलेल्या १०० मिली दुधात ६५-६७ किलोकॅलरी असतात. चमचा साठ मिलीत टाकला की त्या निम्म्याच्या जवळ येतात. ५ किलोच्या बाळाला दिवसाला ५०० लागतात, मिळतात अडीचशे. पोट पाण्यानं भरतं, लघवी छान होते, बाळ शांतही दिसतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं वजनकाट्यावर.

उलटी चूकही तितकीच होते. "घट्ट केलं की रात्रभर झोपतं" म्हणून एक चमचा जास्त. मग क्षार आणि प्रथिनं बाळाच्या मूत्रपिंडाला पेलत नाहीत. शी घट्ट होते, तहान लागते म्हणून बाळ रडतं, आणि रडतं म्हणून आणखी दूध दिलं जातं. उन्हाळ्यात ताप किंवा जुलाब असताना असं झालं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

करायची रीत. आधी हात साबणानं. भांडी, बाटली, बूच धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून उकळलेली. मग उकळलेलं पाणी आधी मोजून घाला आणि नंतर पावडर. पावडर आधी टाकून खुणेपर्यंत पाणी भरलं की पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. आणि तो त्याच डब्यातला हवा. जुन्या ब्रँडचा चमचा नव्या डब्यात टाकून ठेवलेला असतो, तिथं माप चुकतं.

पाणी किती गरम? पावडर निर्जंतुक नसते, हे डबा बघून कोणाला वाटत नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात क्वचित असतो, आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा कमी दिवसांच्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं २००७ पासूनचं म्हणणं: पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. थर्मामीटर नको. एक लिटर पाणी खळखळून उकळा, झाका, अर्ध्या तासाच्या आत वापरा. कमी पाणी लवकर निवतं, तिथं एवढं थांबू नका. दूध झालं की भांडं गार पाण्यात धरा, मनगटावर थेंब टाकून बघा, मग पाजा. तयार दूध दोन तासांत संपवा. बाळानं तोंड लावलेलं उरलं तर ओतून द्या, पैशाकडं बघू नका. डबा फोडला की त्यावर लिहिलेल्या मुदतीत संपवायचा. ती बहुधा तीन-चार आठवड्यांची असते. फोडल्याची तारीख पेनानं झाकणावर लिहा.

वारणेचं_पाणी
पण काही डब्यांवर "उकळून कोमट केलेलं पाणी" असं लिहिलेलं असतं की. मग ७० कुठून आलं?

अजिंक्यतारा
@वारणेचं_पाणी, बरोबर पकडलंत. पावडरीत प्रोबायोटिक (पोटाला चांगले म्हणून घातलेले जिवाणू) असलं की कंपनी कोमट पाणी सांगते, गरम पाण्यात ते जिवाणू मरतात. ज्या घटकासाठी डब्याला जास्त पैसे मोजले, तोच वाचवण्यासाठी पाणी गार करायला सांगितलेलं. लहान किंवा अशक्त बाळाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: पाणी गरमच, ते जिवाणू मेले तर मेले. तान्ह्यासाठी आपल्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. मोठ्या, धडधाकट बाळाला डब्यावरची रीत चालते.

वारणेचं_पाणी
पाण्याचाच विषय निघालाय तर एक भर. वाळवा-मिरज पट्ट्यात उसाला खत आणि पाणी दोन्ही भरपूर, जमिनी क्षारपड. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाला काही जाणवत नाही, पण डब्याच्या दुधावरचं तीन-चार महिन्यांचं बाळ दिवसभर त्याच पाण्यावर असतं. नायट्रेटमुळं रक्तातून प्राणवायू नीट वाहिला जात नाही, ओठ-नखं निळसर पडतात. पाणी उकळलं की जंतू जातात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. बोअरच्या पाण्यानं दूध करत असाल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या, ग्रामपंचायतीकडून नमुना पाठवता येतो. "जारचं पाणी आहे" म्हणून उकळणं सोडू नका, तेही निर्जंतुक नसतं.

हळदपेठ
वाचनखूण साठवली. आता मुख्य प्रश्न. साडेचारशेच्या आणि सव्वाआठशेच्या डब्यात फरक कशाचा?

कोयनेकाठची
मी आहारशास्त्राच्या बाजूनं. भारतात शिशुआहाराचे नियम एफएसएसएआयचे (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था), २०२० चे. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचं फॉर्म्युला (म्हणजे हीच डब्यातली दूधपावडर) म्हणून जे विकायचं, त्यात ऊर्जा, प्रथिनं, स्निग्धांश, लोह, जीवनसत्त्वं किमान किती आणि कमाल किती हे ठरवून दिलेलं आहे. स्वस्त डबाही त्याच चौकटीत बसवावा लागतो, नाहीतर तो विकताच येत नाही. वरचे पैसे त्या चौकटीच्या बाहेरच्या गोष्टींचे: डीएचए (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल), प्रोबायोटिक, एचएमओ (आईच्या दुधात असतात तशा शर्करा), प्रथिनांची थोडी वेगळी मांडणी, आणि अर्थातच डब्याचं रूप. या गोष्टी वाईट नाहीत. पण निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला त्यांच्यावाचून काही अडतं असं ठोस काही नाही. महाग डबा परवडत नाही म्हणून पातळ करून दिलेल्या दुधापेक्षा, स्वस्त डबा पूर्ण मापानं दिलेला केव्हाही सरस.

डब्याची मागची बाजू वाचताना "१०० ग्रॅम पावडरमध्ये" हा रकाना सोडा आणि "१०० मिली तयार दुधात" हा वाचा. दोन डबे शेजारी धरलेत तर ऊर्जा, प्रथिनं, लोह जवळजवळ तेच दिसतील.

"स्पेशल" डब्यांचं मात्र वेगळं. लॅक्टोजविरहित, सोया, हायड्रोलाइज्ड (प्रथिनं आधीच फोडलेले), अमिनो आम्लांचे, उलटीसाठी घट्ट केलेले. यांतले काही दुपटी-तिपटीनं महाग, आणि ज्याला खरंच लागतात त्याला लागतातच. पण बाळ पाजल्यावर तोंडातून थोडं दूध टाकतं, संध्याकाळी रडतं, दिवसातून आठ वेळा शी करतं, एवढ्यावर गायीच्या दुधाची ॲलर्जी ठरत नाही. शीत रक्त, वजन न वाढणं, अंगावर चट्टे, असं काही असेल तर तपासा. आणि स्पेशल डबा सुरू झालाच तर "किती आठवड्यांनी परत साध्यावर आणून बघायचं" हे त्याच दिवशी विचारून घ्या. तारीख नसली की स्पेशल डबा वर्षभर चालतो.

सज्जनगड७
डब्यावरच्या १, २, ३, ४ आकड्यांचं काय? दुकानदार म्हणतो वर्ष झालं की तीन नंबर घ्यायचाच.

कोयनेकाठची
घ्यायचाच असं काही नाही. १ म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, २ सहाच्या पुढं, ३ वर्षाच्या पुढं, ४ दीड वर्षाच्या पुढं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना फॉलो-अप फॉर्म्युलाची (म्हणजे या पुढच्या नंबरांच्या डब्यांची) शिफारस नाही. वर्ष झालं की घरचं जेवण आणि दिवसाला ४००-५०० मिली साधं उकळलेलं दूध पुरतं. लिटरला साठ-सत्तर रुपये धरले तर तीस-पस्तीस रुपयांत भागलं. त्याहून जास्त दूध नको, जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं.

त्याच मार्गदर्शनात ६ ते ११ महिन्यांसाठीही एक गोष्ट आहे, जी कोणी सांगत नाही. आईचं दूध मिळत नसलेल्या या वयाच्या बाळाला फॉर्म्युला किंवा प्राण्याचं दूध, दोन्हींपैकी काहीही चालतं.

अजिंक्यतारा
इथं थोडा ब्रेक लावतो. ती शिफारस सशर्त आहे आणि पुरावा कमी खात्रीचा आहे असं तिथंच म्हटलंय. वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध हेच मुख्य अन्न झालं तर लोह कमी पडतं, हे ओपीडीत रोज दिसतं. सहा महिन्यांच्या आत तर ते नकोच, पाणी घालूनही नको.

कोयनेकाठची
सहमत, म्हणून दोन अटी. एक, बाळ दिवसातून तीन-चार वेळा खरं जेवत असलं पाहिजे: नाचणी, डाळ, अंडं, पालेभाजी, वर तूप. दोन, लोहाचं सिरप. आशा ताईंकडून सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली देण्याची सरकारी योजनाच आहे. बाटली घरात येते आणि "शी काळी होते" म्हणून फडताळात पडून राहते. शी काळी होणारच, लोहामुळं. या दोन्ही गोष्टी पाळायला जमणार असेल तर सहाव्या महिन्यानंतर डब्याचा खर्च पुष्कळ उतरतो. जमणार नसेल तर डबाच बरा.

वकिली_काळा_कोट
कायदा थोडक्यात मांडतो. लोकांना वाटतं हे फक्त नैतिक आवाहन आहे. तसं नाही.

१९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. ११८ मतं बाजूनं, विरोधात एकट्या अमेरिकेचं. भारतानं १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला, बोलताना त्याला आयएमएस (इन्फंट मिल्क सबस्टिट्यूट्स) कायदा म्हणतात. २००३ च्या दुरुस्तीनं तो दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या दूधपर्यायांना आणि शिशुआहाराला लागू झाला. दूध पाजायच्या बाटल्याही त्यात येतात, हे बहुतेकांना माहीत नसतं.

कलम ३: जाहिरात बंद. टीव्ही-पेपर तर आलेच, इलेक्ट्रॉनिक माध्यमही व्याख्येत आहे. इन्स्टाग्रामवर बाटली हातात धरून "मॉम हॅक" सांगणारी सशुल्क पोस्टही त्यातच. मेडिकलच्या काचेवरचं पोस्टरसुद्धा.
कलम ४: मोफत नमुने, भेटवस्तू, विक्री वाढवायला कसलंही आमिष, आणि त्या हेतूनं गरोदर बाईशी किंवा तान्ह्याच्या आईशी संपर्क, हे सगळं बंद. "डब्यावर वाटी फ्री" यात येतं.
कलम ५: दानही बंद, अनाथालयाचा अपवाद.
कलम ६: डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम ही सूचना ठळक हवी. बाळाचं किंवा बाईचं चित्र नको, विक्री वाढवणारी चित्रं आणि शब्दही नकोत. म्हणून डब्यावर अस्वल, पक्षी, ढाल असलं काय काय दिसतं.
कलम ८ आणि ९: दवाखान्यात फलक-पोस्टर लावणं, आरोग्य कर्मचाऱ्याला पैसे किंवा भेट देणं बंद. २००३ पासून परिषदा, सेमिनार, फेलोशिप पुरस्कृत करणंही बंद.
कलम १०: कंपनीच्या माणसाचं कमिशन विक्रीच्या आकड्यावर ठरवता येत नाही.

शिक्षा कलम २० मध्ये. जाहिरात, नमुने, भेटी वगैरेंसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिरजमळांच्या हिशेबानं महाग डब्याचा एका महिन्याचा खर्च या कमाल दंडापेक्षा हजार-बाराशेनं जास्त येतो. कायद्याचा धाक का बसत नाही, ते यातच आलं.

माणदेशी
मग डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर डब्याचं नाव लिहिलं तर तो गुन्हा का?

वकिली_काळा_कोट
नुसतं नाव लिहिलं म्हणून गुन्हा होत नाही. गरज असताना डॉक्टर फॉर्म्युला सांगू शकतात. त्या नावामागं कंपनीकडून भेट, सहल, परिषदेचा खर्च असं काही असेल तर कलम ९ येतं. ते सिद्ध करणं अवघड. पण छापील कार्डावर आधीच ब्रँडचं नाव असलेली ओळ, वॉर्डात कंपनीचं कॅलेंडर, नर्सच्या टेबलावरचं लोगोवालं पॅड, हे सिद्ध करायला एक फोटो पुरतो.

अजिंक्यतारा
एमआर (कंपनीचा प्रतिनिधी) आता लोगो घेऊन येत नाही. तो "पोषण" विषयावरचं व्याख्यान घेऊन येतो, किंवा आईच्या ॲपचा क्यूआर कोड. ॲपमध्ये बाळाची जन्मतारीख टाकली की पाचव्या महिन्यात वरच्या आहाराची आणि अकराव्यात तीन नंबरची "आठवण" येते. आणि कायदा दोन वर्षांवर संपतो, म्हणून दोन वर्षांच्या पुढच्या पेयाची जाहिरात टीव्हीवर बिनधास्त. डब्याचा रंग तोच, चिन्ह तेच, फक्त नंबर वेगळा. बघणाऱ्याच्या डोक्यात एक नंबरचाच डबा राहतो.

सज्जनगड७
हळदपेठांचा नियम मोडून एक नाव घेतो, कारण ते जाहीर अहवालातलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेनं दाखवलं की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली होती, आणि युरोपातल्या तशाच मालात ती नव्हती. हा दुधाचा डबा नव्हे, सहा महिन्यांपुढचा वरचा आहार, हे लक्षात ठेवा. पण घटकांच्या यादीत साखर, सुक्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन कितव्या क्रमांकावर आहे ते बघायची सवय तिथूनच लावायला हवी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते.

गुळाचा_खडा
खरं दुखणं पहिल्या तीन दिवसांत आहे. डबा दुकानात विकला जात नाही, तो बाळंतिणीच्या खाटेशी विकला जातो. परिचारिका म्हणून जे रोजचं काम आहे ते लिहिते.

पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी ५ ते ७ मिली घेतं. चीक तेवढाच येतो आणि तेवढाच लागतो. बघणाऱ्या नातेवाइकांना ते "काहीच येत नाही" वाटतं. सासू म्हणते बाळ उपाशी, कोणीतरी खाली मेडिकलला जातं. ६० मिली बाटलीनं पाजलं की बाळ चार तास झोपतं आणि अंगावर ओढायचं राहतं. ओढलं नाही की दूध बनत नाही. चौथ्या दिवशी "दूध नाहीच" हे खरं ठरतं. सिझर झालेलं असलं तर हे आणखी लवकर होतं, कारण बाळ उशिरा जवळ येतं.

पुरतंय का ते ओळखायच्या खुणा रडण्यात नाहीत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी. जन्माचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, पण १० ते १४ दिवसांत परत जन्माच्या वजनाला यायला हवं. पुढं दिवसाला २५-३० ग्रॅम वाढ. हे असेल तर शेजारणीचं मत काहीही असो, दूध पुरतंय.

वरचं दूध खरंच लागतं असे प्रसंगही आहेत: साखर कमी होणं, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरणं, फार कमी दिवसांचं बाळ, आई आयसीयूत, आई नाही, दत्तक बाळ, काही औषधं-उपचार. तिथं क्रम असा. आधी आईचंच दूध पिळून वाटी-चमच्यानं. मग मिळत असेल तर दूधपेढीचं (६२.५ अंशांवर तीस मिनिटं पाश्चराइज केलेलं, आपल्याकडची पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली). मग फॉर्म्युला. कोणी आईचं दूध पैसे घेऊन पाकिटात विकत असेल तर घेऊ नका, मे २०२४ मध्ये एफएसएसएआयनं त्याला परवानगी नसल्याचं स्पष्ट केलंय.

डबा लिहून दिला की तिथल्या तिथं चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कार्डावर लिहून घ्या: कशासाठी, एका वेळी किती मिली, दिवसातून किती वेळा, कधी बंद करायचा. शेवटच्याचं उत्तर मिळालं नाही तर तो डबा सहा महिने चालतो. पाचवा प्रश्न संकोच न करता: याच गटातला स्वस्त चालेल का?

अवांतर: बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची वाटी) वापरायचं तर नळी घासता येईल असंच घ्या. वाटी-चमचा बाटलीपेक्षा स्वच्छ करायला सोपा, आणि बाळाला बाटलीच्या बुचाची सवय लागत नाही.

हळदपेठ
+१. सुरू झालेला टॉप-अप (अंगावरच्या जोडीला दिलेलं वरचं दूध) बंद कसा करायचा, तेही लिहाल का?

गुळाचा_खडा
एकदम नाही. दर वेळी आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग टॉप-अप. दिवसाच्या एकूण टॉप-अपमधून ३० ते ६० मिली कमी करा, दोन-तीन दिवस तिथंच थांबा, लघवी मोजा, परत कमी करा. आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन. वाढ थांबली तर आधीच्या मापावर परत या आणि दाखवा. रात्रीचं पाजणं शेवटपर्यंत ठेवा, दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून "रात्री एक बाटली दे आणि झोप" हा सल्ला दूध घालवणारा आहे. बाळ पकडतं कसं ते कोणीतरी जाणत्यानं समोर बसून बघायला हवं. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर तासभर ओढूनही पोट भरत नाही आणि आईला चिरा पडतात.

कोयनेकाठची
आईच्या ताटाचा हिशेब राहिलाच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला दिवसाला ६०० किलोकॅलरी जास्त सांगितल्यात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (१७५), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (१७०), एक अंडं (७५), पावलीटर गायीचं दूध (१६५). झाले ५८५. वर तुपाची धार. रोजच्या ११३ किंवा २०६ रुपयांच्या शेजारी हे ठेवून बघा. अळीव, डिंक, खसखस आवडत असेल तर जरूर खा, पण दूध वाढतं ते बाळानं ओढल्यानं. बाळंतिणीला पथ्य म्हणून नुसत्या मऊ भातावर ठेवलं की हे ६०० कुठून यायचे?

माणदेशी
तक्रार करायची तर कुठं? आमच्याकडं तालुक्याला कोणाला सांगायचं तेच कळत नाही.

वकिली_काळा_कोट
खटला कोर्टात नेण्याचा अधिकार या कायद्यात अधिकृत अधिकाऱ्यांना आणि केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या संस्थांना आहे. स्तनपानाच्या क्षेत्रातली बीपीएनआय (१९९१ मध्ये वर्ध्यात सुरू झाली) आणि ग्राहकांसाठी काम करणारी अकॅश त्यांतल्या. बीपीएनआयचं "स्तनपान सुरक्षा" नावाचं ॲप आहे, त्यावर फोटो टाकता येतो. जिल्ह्यात अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडं लेखी द्या, पोच घ्या. एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर तो वेगळा विषय, ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पुरावा असा हवा: फोटोत जागा ओळखू यावी, तारीख असावी, डब्याचा बॅच नंबर, बिल. ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉटबरोबर पूर्ण लिंक आणि वेळ, पोस्ट तासाभरात उडते.

मिरजमळा
दुकानाच्या बाजूनं दोन ओळी. पहिल्यांदा एकच डबा घ्या. ऑनलाइन सवलत दिसली म्हणून सहा-सहा मागवतात, बाळाला तो सोसत नाही किंवा डॉक्टर बदलतात, आणि पाच डबे पडून राहतात. फोडलेला डबा कोणीच परत घेत नाही. मुदत बघताना महिना नीट वाचा, आणि पिशवी फुगलेली किंवा पावडर गोळे झालेली असेल तर फोडल्या फोडल्या बिलासकट परत या, आठ दिवसांनी नको.

वारणेचं_पाणी
अजून एक, पावसाळा तोंडावर आहे म्हणून. कृष्णेला पूर आला की मदतीच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि त्यात "बेबी मिल्क पावडर, बाटल्या" हमखास असतं. २०१९ आणि २०२१ नंतर तर यादी तोंडपाठ झाली आहे. छावणीत उकळलेलं पाणी नाही, भांडी उकळायला गॅस नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या हातात फुकट डबे. जुलाबाची सोयच ती. त्याऐवजी आईसाठी आडोसा, पिण्याचं पाणी, दोन वेळचं जेवण लिहा. ज्या बाळाचा डबा आधीपासून चालू आहे त्याची नोंद आरोग्य पथकाकडं द्या, ते त्याच्यापुरता देतील आणि पाणी उकळायची सोयही बघतील.

सज्जनगड७
शेवटचा प्रश्न. बाळ अंगावर आलं, न फोडलेले तीन डबे उरले. शेजारी द्यावेत का?

मिरजमळा
शेजारी नको. दान बंद असल्याचं कलम ५ वरती आलंच आहे, आणि शेजारचं बाळ अंगावर पीत असेल तर तुम्हीच त्याला डब्यावर आणाल. आधी बिल घेऊन त्याच दुकानात जा, महिन्याभरात आणि खोकं चांगलं असेल तर बरेच जण बदलून देतात. नाहीच तर अनाथ बाळं सांभाळणाऱ्या संस्थेला द्या, पण नेण्याआधी फोन करून त्यांच्याकडं कोणता नंबर चालू आहे ते विचारा. मुदत संपायला दोन-तीन महिने तरी शिल्लक असलेलाच द्या.